गड्ड्याच्या जत्रेला गड्डा भरू द्या

सांगोला तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देते.

“सप्रेम नमस्कार. आमची विहिरीखाली दीड एकर जमीन आहे. गेल्या उन्हाळ्यात कोबीला चांगला भाव होता म्हणून यंदा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दहा गुंठे कोबी लावला. रोपं नर्सरीतून आणली, पाच हजार. पानं झकास आली, परातीएवढी. पण आज सत्तर दिवस झाले तरी निम्म्याहून जास्त झाडांना गड्डाच धरला नाही. ज्यांना धरला तो हाताला भुसभुशीत लागतो, आणि कापून बघितला तर आतल्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी. मध्ये मोटार जळाली, नऊ दिवस पाणी देता आलं नाही. मोटार आल्यावर भरपूर पाणी दिलं, तर जे थोडे घट्ट गड्डे होते तेच तडकले. दुकानदाराने तीन वेळा टॉनिक दिलं. दोन पोती युरिया टाकला. अळीसाठी चार फवारण्या झाल्या. सासूबाई म्हणतात, कोबी आपल्या मातीतला नाही, नाद सोड. मालक म्हणतात, रोटर फिरवून टाकू. आमच्या रानात कोबी येणारच नाही का? उन्हाळ्यात आणायचा काही उपाय आहे का? घरचं बी धरता येतं का? रोपांचाच खर्च फार झाला.”

ताई, तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले. “पानं झकास आली, परातीएवढी.” सगळं उत्तर या एका वाक्यात आहे. माती वाईट असती, पाणी खारट असतं किंवा तुमचा हात चुकला असता, तर पानंच आली नसती. झाड जगलं, वाढलं, अंगानं भरलं. फक्त पानांनी आत वळून गड्डा बांधायचा तेवढं राहिलं. ते काम कोबी थंडीतच करतो. तुमची चूक झाली असेल तर ती तारखेची आहे, मातीची नाही. हे आधी सांगते, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही फार खचलेल्या वाटल्या.

रोटर फिरवायला माझी हरकत नाही. पण त्याआधी एक भुसभुशीत गड्डा आणि एक तडकलेला गड्डा घरी आणा आणि विळीवर उभे, देठापासून शेंड्यापर्यंत, बरोबर मधून चिरा. भुसभुशीत गड्ड्यात मधला दांडा लांब वर चढलेला दिसेल आणि पानापानांत बोट जाईल एवढ्या फटी असतील. चांगल्या गड्ड्यात हा दांडा आखूड असतो आणि पानं वहीच्या पानांसारखी एकावर एक चिकटलेली असतात. ऊन लागलं की दांडा लांबतो, पानं लांब लांब बसतात, वळायचं विसरतात. तडकलेल्या गड्ड्यात आत कुठेतरी तपकिरी, कागदासारखी पातळ कड दिसेल. तिच्याकडे पुढे येऊ.

आता हे का होतं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या टॉनिकवर पैसे जाणार नाहीत. कोबीचं पान दिवसा उन्हात साखर तयार करतं. रात्री झाड त्यातली थोडी स्वतःच्या जगण्यासाठी खर्च करतं, उरलेली गड्ड्यात साठवतं. रात्र थंड असली की खर्च कमी, शिल्लक जास्त. रात्र उकाड्याची असली की दिवसाची कमाई रात्रीच संपते. गड्डा म्हणजे दुसरं काही नाही, झाडाने टाकलेली शिल्लक आहे. गड्डा भरायला सरासरी 15 ते 20 अंश तापमान उत्तम. 25 च्या वर गाडी मंदावते. तुमच्या रोपांची गड्डा धरायची वेळ आली मार्चच्या शेवटी. त्या वेळी आपल्याकडे दुपारी पारा 38-40 ला टेकतो आणि रात्रीही घरात झोपवत नाही. त्या झाडांनी काय शिल्लक टाकावी?

सासूबाईंचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कोबी आपल्याकडचा नाहीच. त्याचं माहेर युरोपातला थंड समुद्रकिनारा, आणि ‘कोबी’ हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आला. पण माहेरची आणखी एक गोष्ट ऐका. रानटी कोबी तिथे समुद्रकाठच्या चुनखडीच्या कड्यांवर उगवतो. चुना आणि थोडासा खार त्याला परका नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीला सगळे नावं ठेवतात, पण मुळांवर गाठी येणारा कोबीचा एक वाईट रोग आंबट जमिनीत बळावतो, चुन्याच्या जमिनीत त्याला थारा मिळत नाही. म्हणजे माती कोबीच्या माहेरासारखीच आहे, हवा तेवढी नाही. आणि ती हवाही आपल्याला वर्षातून दीड महिना मिळते.

कधी? डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत. आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत रात्री पारा 15-16 पर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर आणखी खाली. सोलापूरला संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला आपण गड्डाच म्हणतो. तेवढंच ध्यानात ठेवा: जत्रेचा गड्डा भरतो तेव्हा कोबीचा गड्डा भरला पाहिजे. बाकी सगळ्या तारखा तिथून मागे मोजायच्या.

मोजून बघा. लवकर येणारा वाण लावणीपासून 60 ते 70 दिवसांत काढणीला येतो आणि साधारण 35-40 दिवसांनी गड्डा धरायला लागतो. म्हणजे लावण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. रोप 28 ते 30 दिवसांचं हवं, म्हणजे बी सप्टेंबरच्या शेवटी. हे लक्षात ठेवायला कॅलेंडरसुद्धा नको. घटस्थापनेला बी, दिवाळीच्या अमावास्येला लावण. या दोन्हींत बरोबर एक महिना असतो. घरात घट बसतात त्या दिवशी आपण तसंही माती घालून धान्य पेरतो, त्याच दिवशी गादीवाफ्यावर कोबीचं बी टाका. फक्त अधिक महिना आलेल्या वर्षी हे सण उशिरा येतात. त्या वर्षी घटाची वाट बघू नका, उत्तरा नक्षत्र धरून बी टाका, सप्टेंबरच्या मध्यापासून ते सव्वीस तारखेच्या आत.

वाण निवडताना एकच गोष्ट बघा, दिवस. ‘गोल्डन एकर’ हा जुना, लहान गोल गड्ड्याचा वाण 60-65 दिवसांत येतो, सव्वा-दीड किलोचा गड्डा देतो आणि घरगुती गिऱ्हाइकाला तोच आवडतो. ‘प्राइड ऑफ इंडिया’, ‘पुसा मुक्ता’ हेही आपल्या कामाचे. ‘पुसा मुक्ता’ पानं काळी पाडून कुजवणाऱ्या घाण्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो. ड्रमहेड जातीचे मोठे चपटे गड्डे बघून भुलू नका. ते तीन महिन्यांच्या पुढे जातात आणि त्यांची भरायची वेळ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पडते. संकरित वाण घ्यायचा तर पाकिटावर उष्णता सोसणारा आणि लवकर येणारा हे दोन्ही लिहिलेलं असू द्या, नुसतं पहिलं लिहिलेलं पुरत नाही.

या वेळापत्रकात एक अवघड जागा आहे आणि बहुतेकांची रोपं तिथेच जातात. गड्डा थंडीत पडावा म्हणून रोप ऑक्टोबरच्या उन्हात वाढवावं लागतं, आणि मध्येच परतीचा पाऊस वाफा झोडपून जातो. म्हणून रोपांची तयारी आतापासून करा. मे महिना हाताशी आहे, त्याचा फायदा घ्या. जिथे गादीवाफा करायचा ती जागा खणून भुसभुशीत करा, चांगलं पाणी द्या आणि पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरून कडा मातीने बंद करा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आपलं कडक ऊन त्या प्लास्टिकखाली तणाचं बी, बुरशी आणि बऱ्याच किडी शिजवून काढतं. थंड मुलखातल्या शेतकऱ्याला हे जमत नाही, आपल्याला फुकट जमतं. पावसाळ्यात त्या जागी काही लावू नका. बाकीच्या कोबीच्या रानात जूनमध्ये हिरवळीचं खत म्हणून ताग पेरा आणि 45-50 दिवसांनी फुलावर यायच्या आत गाडून टाका.

सप्टेंबरात गादीवाफा एक मीटर रुंद, वीतभर उंच करा. दहा बोटांच्या अंतरावर रेघा ओढून बी पातळ पेरा, अर्ध्या बोटाहून खोल नको. वर कमानी ठोकून शेडनेट टाका, पण ती झाकण म्हणून कायम ठेवू नका. सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतर काढायची, भर दुपारी घालायची. लावणीच्या आधी आठ दिवस पूर्ण काढून टाकायची आणि पाणी थोडं तोडायचं, म्हणजे रोप काटक होतं. तुम्ही नर्सरीतून आणलेली रोपं कशी होती ते पत्रात लिहिलं नाही, पण फेब्रुवारीत मिळणारी रोपं बहुधा ट्रेमध्ये शिळी झालेली असतात. चार-पाच पानांचं, बुटकं, जाड मानेचं रोप चांगलं. मान लांब, पानं फिकट, मुळं ट्रेच्या कप्प्यात गोल गोल गुंडाळलेली असं रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. लावण चारनंतर करा आणि लगेच पाणी द्या. रोपाचा पोंगा, म्हणजे मधला वाढता शेंडा, मातीत दबला तर त्या रोपाला गड्डा कधीच येत नाही, त्यामुळे लावणाऱ्या बायकांना हे एकदा हातात रोप घेऊन दाखवा.

आता पाण्याचा हिशोब, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमचं निम्मं नुकसान पाण्याने केलं आहे. कोबीला पूर्ण हंगामात हवामानाप्रमाणे 380 ते 500 मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. आपण 400 धरू. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला 40 हजार लिटर. पंचेचाळीस सेंटिमीटरवर लावला तर गुंठ्यात पाचशे झाडं बसतात. म्हणजे एका गड्ड्यामागे 80 लिटर, साधारण पाच-सहा घागरी पाणी. दहा गुंठ्यांना चार लाख लिटर. तुमच्या विहिरीची मोटार तासाला तीन हजार लिटर फेकत असेल तर सत्तर दिवसांत एकूण 133 तास, रोजचे दोन तासांच्या आत. हिवाळ्यात बाष्पीभवन कमी, ठिबक असेल तर याहूनही कमी लागेल. मार्च-एप्रिलमध्ये ऊन आणि कोरडा वारा मिळून हाच आकडा कितीतरी वर नेतात. लावणीच्या आधी विहिरीत दोर सोडून पाणी मोजा आणि हा हिशोब कागदावर मांडा. दहा गुंठ्यांना पुरत नसेल तर चारच लावा. अर्धपोटी दहा गुंठ्यांपेक्षा भरल्या पोटाचे चार गुंठे जास्त पैसे देतात.

कोबीची मुळं उथळ असतात, बहुतेक वरच्या वीत-दीड वीत मातीतच. म्हणून त्याला एकदम भरपूर पाणी नको, थोडं थोडं पण न चुकता हवं. ओल बघायची असेल तर झाडाच्या बुडाजवळ वीतभर खाली हात घालून माती काढा आणि मूठ आवळा. लाडू वळला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर ओल बरोबर. वळलाच नाही तर उशीर झाला. वळला आणि फुटलाच नाही तर पाणी जास्त झालं. दोन ओळींमध्ये उसाचं पाचट, तुरीचं भुसकट, जे मिळेल ते चार बोटं जाड अंथरा. उघडी काळी माती दुपारी तापते आणि मुळं भाजतात. आच्छादनाखाली हात घालून बघा, तुम्हालाच फरक कळेल.

आता ती तपकिरी कड. दुकानदाराने तुम्हाला कॅल्शियम कमी पडलं असं सांगून बाटली दिली असेल. कॅल्शियम कमी पडलं हे खरं, पण तुमच्या चुनखडीच्या रानात त्याची कमतरता नाही, ते आतल्या पानांपर्यंत पोहोचत नाही. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं, आणि पाणी ओढलं जातं ते ज्या पानातून बाष्प उडतं तिकडे. कोरड्या वाऱ्यात बाहेरची मोठी पानं सगळं पाणी आपल्याकडे ओढतात. आत गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून बाष्प उडतच नाही, त्यांच्या वाट्याला काही येत नाही, आणि त्यांच्या कडा मरतात. त्यांना त्यांचा वाटा मिळतो तो रात्री. रात्री बाष्पीभवन थांबतं आणि मुळं खालून पाणी वर ढकलतात. थंडीत पहाटे उठून कोबीच्या रानात जा. पानाच्या कडेला शिरांच्या टोकाशी ओळीने मण्यांसारखे थेंब दिसतील. ते सगळं दव नसतं, बरंचसं झाडाने खालून ढकललेलं पाणी असतं. ते थेंब दिसले तर समजायचं, आतल्या पानांना त्यांचं मिळालं. मुळाशी रात्री कोरडं असेल तर ते थेंब दिसणार नाहीत.

म्हणून गड्डा धरायला लागल्यापासून पाणी संध्याकाळी किंवा रात्री द्या. रात्रीच्या लाईटला आपण शिव्या देतो, पण कोबीपुरती ती सोयीची आहे. बॅटरी आणि पायात बूट घेतल्याशिवाय मात्र रानात पाऊल टाकू नका, पाणी दिलेल्या सरीत साप येतात. कॅल्शियम नायट्रेटची फवारणी करायचीच तर पानं मिटायच्या आधी, लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. गड्डा बंद झाल्यावर वरून मारलेलं औषध बाहेरच्या पानावरून ओघळून खाली जातं.

तडकण्याचंही कारण पाणीच. नऊ दिवस झाड कोरडं राहिलं, गड्ड्याची बाहेरची पानं निबर झाली, ताणायची बंद झाली. मग एकदम पाणी मिळालं, आतली पानं फुगली, आणि बाहेरचं कातडं फाटलं. मोटार जळणं कुणाच्या हातात नाही, पण असं पुन्हा झालं तर पहिलं पाणी अगदी हलकं द्या, दोन दिवसांनी पुन्हा हलकं, आणि मग नेहमीसारखं. तयार गड्डे रानात उभे असतील तर पाणी द्यायच्या आधी ते काढून घ्या. काढता येत नसतील तर गड्डा दोन्ही हातांत धरून पाव फेरा पिळा. खाली मुळं तुटल्याचा कट्ट आवाज येतो. थोडी मुळं तुटली की झाड पाणी कमी ओढतं आणि गड्डा आठ-दहा दिवस टिकतो. पाच हजार झाडांना हे करता येत नाही, पण बाजाराचा दिवस दोनावर असताना शे-दोनशे गड्डे यातून वाचतात.

युरियाबद्दल जरा स्पष्ट बोलते. कोबीची शिफारस हेक्टरी 160 किलो नत्र, 80 स्फुरद, 80 पालाश अशी आहे. तुमच्या दहा गुंठ्यांना 16 किलो नत्र झालं, म्हणजे सगळं नत्र युरियातूनच दिलं तरी 35 किलो. तुम्ही 45 किलोची दोन पोती टाकली, गरजेच्या अडीचपट. परातीएवढी पानं त्यातूनच आली, आणि फटाफट वाढलेल्या कोवळ्या पानांना कॅल्शियम आणखी अपुरं पडलं. अळीलाही तसली लुसलुशीत पानंच आवडतात. पुढच्या वेळी एक ट्रॉली, दोन टन चांगलं कुजलेलं शेणखत आधी मिसळा. स्फुरद, पालाश आणि निम्मं नत्र लावणीला, उरलेलं निम्मं एक महिन्याने मातीची भर देताना. गड्डा वळायला लागल्यावर युरियाला हात लावायचा नाही. टॉनिकच्या बाटल्यांचे पैसे शेणखताला वळवा.

अळीचं वर्णन तुम्ही केलं नाही, पण उन्हात चार फवारण्या खाऊनही उरली म्हणजे ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असणार. ओळखायची सोपी खूण आहे. पानामागची बारीक हिरवी अळी काडीने डिवचा. ती मागे सरकत वळवळते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. पानाला आधी कागदासारख्या पांढऱ्या खिडक्या पडतात, मग भोकं. उन्हात तिची एक पिढी दोन-अडीच आठवड्यांत पुरी होते, आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की तिला त्याची सवय होते. थंडीत लावलात तर तिचा जोर आपोआप कमी राहील. शिवाय कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीची एक ओळ लावणीच्या पंधरा दिवस आधी पेरा आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो, फवारायची ती मोहरी. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने सांगितलेली ही पद्धत आहे आणि मी ती बऱ्याच रानांत यशस्वी झालेली पाहिली आहे. कोबीवर 5 टक्के निंबोळी अर्क चालतो. पुढच्या दीड-दोन महिन्यांत बांधावरच्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडेल, पोरांना लावून गोळा करा, सावलीत वाळवा, पोत्यात भरून ठेवा. बाजारातलं बीटी जीवाणूचं औषध घेतलंत तर संध्याकाळीच फवारा, उन्हाने ते मरतं.

आता उन्हाळ्याच्या कोबीबद्दल. भाव मिळतो हे खरं आहे, पण तो का मिळतो याचा विचार करा. त्या वेळी उंचावरच्या थंड पट्ट्यांतूनच माल येतो म्हणून मिळतो. पंढरपूरजवळच्या माझ्या रानातही मी एका वर्षी लग्नसराईचा भाव धरायला जानेवारीच्या शेवटी लावण केली होती. वजनाला माल बरा भरला. व्यापाऱ्याने पहिल्याच पोत्यात हात घातला, गड्डा दाबला, अंगठा आत गेला. त्याने एक शब्द न बोलता पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. माल बघण्याची त्याची पद्धत बरोबरच होती. तेव्हापासून मी उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी करते. त्यांना ऊन मानवतं.

घरापुरता कोबी मात्र उन्हाळ्यातही काढता येतो, तो जरूर करा. वीस-पंचवीस झाडं, उष्णता सोसणारा वाण, घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली पडते. भिंत नसेल तर पश्चिमेला शेवरी दाट लावा. पानमळ्यात वेलाला आधार आणि सावली म्हणून शेवरी लावतात, तीच. गड्डे लहान आणि सैल येतील, भाजीला उत्तम चालतील. विकायच्या हिशोबाने तो मांडू नका.

भावाचं दुसरं टोकही सांगायला हवं. जानेवारीत सगळ्यांचाच कोबी येतो आणि भाव बसतो. म्हणून दहा गुंठे एका दिवशी लावू नका. चार गुंठे दिवाळीच्या आठ दिवस आधी, तीन दिवाळीला, तीन आणखी दहा दिवसांनी. पीक चांगलं आलं तर दहा गुंठ्यांत काही टन माल निघतो. तो एकदम मोंढ्यावर नेण्यापेक्षा आठवडी बाजारात महिनाभर नेलात तर हाताला जास्त लागेल. तिसऱ्या टप्प्याच्या पुढे मात्र जाऊ नका.

बियाचं उत्तर छोटं आहे. कोबीला फूल यायला काही आठवडे कडक थंडी लागते, फ्रीजच्या आतल्यासारखी. ती आपल्याकडे पडत नाही, म्हणून बहुतेक बी हिमाचलात कुलूच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी तयार होतं. ‘पुसा अगेती’सारखा एखादा वाण मैदानी भागातही बी देतो, पण कोबीत दुसऱ्या वाणाचा पराग मिसळून भेसळ फार लवकर होते. बी विकत घ्या, रोपं घरी करा. खर्च रोपांचाच वाचवायचा आहे, आणि शंभर ग्रॅमच्या आत बियाणं दहा गुंठ्यांना भरपूर होतं.

उभ्या पिकाचं सांगते. शेवटच्या फवारणीला औषधाच्या पाकिटावर लिहिलेले दिवस उलटले नसतील तर पानं जनावराला घालू नका. उलटले असतील तर थोडी थोडी, कडब्यात मिसळून, आणि दूध काढून झाल्यावर, नाहीतर दुधाला कोबीचा वास येतो. पोटभर घातली तर पोट फुगतं. उरलेलं रानात गाडा, पण त्या जागी पुढची दोन वर्षं कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा यातलं काही नको.

मग पुढचा कोबी कुठे लावायचा? हे मला इथून सांगता येणार नाही, पण तुमच्या सासूबाईंना सांगता येईल. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहत जाते आणि ओढ्याकाठच्या, बांधाआडच्या सखल जागेत साचते. तिथे रात्री माळापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त गारवा असतो, आणि कोबीला ते एक-दोन अंश फार मोलाचे. त्यांनी त्या रानात चाळीस हिवाळे काढले असतील. त्यांना विचारा, ज्वारीच्या राखणीला गेलं की पहाटे कुठल्या तुकड्यात पाय सगळ्यात जास्त गारठायचे. त्या बोट दाखवतील तिथे चार गुंठे आखून ठेवा, आणि ताग त्याच तुकड्यात पेरा.